नवसाचे केस

योगीराजच्या डोक्यावरचे केस सगळ्यांत आधी दिसले ते त्याच्या बायकोला, राजेश्रीला. रविवारची सकाळ होती. मानवतच्या घरात योगीराज मान खाली घालून पाटावर बसला होता. केस यावेत म्हणून टोचायचा, स्पिरिटने पुसलेला बारीक सुयांचा रोलर ती त्याच्या टकलावर फिरवणार, तोच कपाळाच्या वर तिला काळी लव दिसली. तिने मोबाइलचा टॉर्च लावला, पुन्हा पाहिलं, आणि तिला हसू आवरेना.

"अहो, केस आलेत."

"चेष्टा करायलीस व्हय?"

"आईशप्पथ."

हा गडी एरवी जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांवर ओरडून अख्खं आवार दणाणून सोडायचा, पण टकलाचा विषय निघाला की त्याचा आवाज बसायचा. लग्नात राजेश्रीच्या मामांनी, दत्तरावांनी, भर मांडवात म्हटलं होतं, "जावईबापू, फेटा काढा की, तेवढाच उजेड पडंल." मांडव खदखदला. तेव्हापासून योगीराजने पूर्ण्याला, सासुरवाडीला, पाय ठेवला नव्हता, आणि त्याच्यापायी राजेश्रीचंही माहेर सुटत चाललं होतं. म्हणून तर तिनेच त्याला ओढत परभणीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रोलर किती दिवसांनी आणि किती हलक्या हाताने फिरवायचा, ते नीट शिकून घेतलं. सहा महिने ती मन लावून फिरवत होती.

आता तिच्या भावाचं लग्न तोंडावर आलं होतं.

"या बारीला येतो मी," आरशासमोरून न हलता योगीराज म्हणाला. राजेश्रीने लगेच पूर्ण्याला फोन लावला.

एवढ्यात सासूबाई, धुरपताबाई, बाहेर आल्या. त्यांनी लेकाच्या कपाळावर बोट फिरवलं आणि हात जोडले. "पावला खंडोबा. येत्या रविवारी जाऊन केस देऊन येऊ. पहिले केस तुझ्या पायाशी, असं बोलले हाय मी."

राजेश्रीचं डोकंच फिरलं. देवाने मागून मागून मागितले ते केसच, आणि तेही लग्नाच्या तोंडावर.

"आत्याबाई, रोलर मी फिरवला."

"फिरवलास की. म्या कुठं न्हाई म्हणलं? पर नवस फिटंस्तोवर चहा म्या सोडलाय."

दिवसातून चार वेळा चहा लागणारी ही बाई इतके महिने कपाला शिवली नव्हती, आणि घरातल्यांना वाटत होतं, पित्त झालंय. राजेश्रीला स्वतःची लाज वाटली, रागही गेला नाही. योगीराज मात्र म्हणाला, "देऊ, आई."

रविवारी न्हाव्याचा वस्तरा फिरला आणि राजेश्रीने तोंड दुसरीकडे केलं. हा माणूस आता काही पूर्ण्याला येत नाही, हे ती धरूनच चालली होती.

पण गुरुवारी, लग्नाच्या दिवशी सकाळी, तो तिच्या आधी कपडे करून तयार.

मांडवात दत्तराव लांबूनच काहीतरी बोलायच्या तयारीने आले. गुळगुळीत डोकं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी हळूच जावयाचा हात धरला. "विहीणबाई कधी गेल्या हो? आमाला कळवलं बी न्हाई."

विहीणबाई शेजारच्याच खुर्चीत बशीतून चहा पीत होत्या. "इथंच हाय की मी," त्या म्हणाल्या.

योगीराज पोट धरून हसला. राजेश्रीने त्याला इतकं मोकळं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मग सगळ्या मांडवादेखत त्याने मामांपुढे डोकं वाकवलं. "नवसाचे केस दिलेत, मामा. हात फिरवून बघा."

दत्तरावांनी बिचकत मानेपासून हात वर नेला. चार दिवसांची खुंटं टोचत होती. टाळूवर टोचली, पुढेही टोचली. "आरं," ते म्हणाले, "पार कपाळापर्यंत हायेत की."

मग मामी आली, मावश्या आल्या, नवरदेवही आला. प्रत्येकाला हात फिरवून बघायचं होतं. राजेश्री डोळे पुसत बाजूला उभी होती, आणि तिचा नवरा स्वतः होऊन एकेकापुढे डोकं वाकवत होता.