शोभेल इतपत घाण

ताईनं ठरवलं म्हणजे ठरलं. उद्या प्लंबर येणार, बाथरूममधला टब उचकटून नेणार आणि तिथे कपडे धुण्याचं मशीन बसणार. हे ऐकून छोटी बाथरूमच्या दारात जाऊन उभी राहिली. छोटी आपली म्हणायला छोटी. केस पिकले, चष्मा लागला, पण थोरल्या बहिणीच्या घरात राहिलं की माणूस जन्मभर छोटंच राहतं. त्या टबात गळ्यापर्यंत गरम पाणी भरून एकदा, निदान एकदा तरी ऐसपैस पडायचं, एवढीच तिची हौस. पण टबात जुन्या छत्र्या, रद्दी, मोडका पंखा आणि तळाला पिवळ्या क्षारांचा असा थर, की बघवत नव्हतं.

"या घाणीत बसणार तू?" ताई म्हणाली.

"आणि साफ झाला तर?"

"तर आज बस खुशाल. पण करणार कोण? मी हात लावायची नाही."

मग काय, छोटीनं गुपचूप सफाईवाल्या बाईंना फोन केला. टब, टाक्या, फरशा साफ करणं हाच त्यांचा धंदा. "दुपारी येते," त्या म्हणाल्या. छोटीचे पाय जमिनीवर ठरेनात.

आनंदाच्या भरात तिनं ते ताईला सांगून टाकलं, आणि ताई ताडकन उठली. "परकी बाई येऊन हे बघणार? अगं, घरोघरी सांगत सुटेल! जन्मभर शाळेत मी मुलांची नखं तपासली आणि घरी हा असला टब! तोंड दाखवायला जागा उरेल का मला?"

"अगं, पण साफ करायलाच येतायत ना त्या!"

"म्हणून काय घाण दाखवायची?"

ताईनं बाह्या सरसावल्या, छोटीला छत्र्या उचलायला लावल्या, व्हिनेगर ओतलं, सोडा पसरला आणि स्वतः टबात उतरून जन्माचं वैर असल्यासारखी घासत सुटली. इतकी वर्षं बोट न लावलेला टब दुपारच्या आत लख्ख झाला. दोघी कौतुकानं बघत उभ्या राहिल्या, आणि मग एकदमच दोघींचे चेहरे उतरले.

"आता गं?" छोटी म्हणाली. "बाईंना दाखवायचं काय?"

"फोन करून नको म्हणून सांग."

"त्या निघाल्यासुद्धा असतील."

ताई येरझाऱ्या घालू लागली. बोलावलेल्या माणसाला दारातून परत पाठवणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं आणि वेडी ठरणं तर त्याहून नाही. शेवटी ती थांबली. "थोडी घाण करू. पण बेतानं हं. चांगल्या घरातली वाटली पाहिजे."

छोटीनं कुंडीतली माती आणली. "माती? आपण काय म्हशी आहोत?" छोटीनं बुटाचं पॉलिश आणलं. "शी! लोकांना काय वाटेल?" अखेर कॉफीवर एकमत झालं. ताईनं चमच्या चमच्यानं कॉफी शिंपडली, मागे सरून पाहिलं, एका कोपऱ्यात जास्त झाली म्हणून फडक्यानं पुसून सारखी केली. ते बघून छोटी जी हसत सुटली, ती उचकी लागेपर्यंत. तेवढ्यात बेल वाजली.

सफाईवाल्या बाई आल्या त्या रबरी बूट, बादलीभर बाटल्या आणि लांब दांड्याचा ब्रश घेऊन. टबात वाकल्या. बोट फिरवलं. हुंगलं.

"कॉफी?"

छोटीला मोठ्ठी उचकी लागली. ताई भिंतीकडे बघू लागली.

"मी यायच्या आधी घर आवरणारे पुष्कळ बघितले," बाई म्हणाल्या, "पण आवरून परत घाण करणारे पहिलेच तुम्ही!" आणि त्या स्टुलावर बसून खो खो हसायला लागल्या. छोटी तर खालीच बसली. ताईनं ओठ घट्ट मिटून पाहिले, पण हसू फुटलंच, ती पोट धरून वाकली आणि "आई गं!" म्हणून तशीच राहिली. घासून घासून अवघडलेली कंबर धरली होती.

"गरम पाण्यात बसवा त्यांना," कॉफी धुऊन टाकत बाई म्हणाल्या. "टब आहेच तयार."

बाई गेल्या. टब भरला. वाफा निघू लागल्या. छोटीनं त्या पाण्याकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि ताईला धरून आत बसवलं. वाईट वाटलं तिला, नाही कशाला म्हणा! टबभर गरम पाणी दिवसातून एकदाच निघायचं आणि उद्या तर प्लंबर येणार होता. ती टॉवेल घेऊन दाराबाहेर बसली.

मग आतून गुणगुणणं ऐकू आलं. ताई आणि गाणं!

"छोटे," ताईनं हाक मारली, "इतकं बरं वाटतं हे मला कुणी सांगितलं कसं नाही गं?"

"रोज सांगत होते मी!" छोटी दाराबाहेरून ओरडली. "रोज!"

मग ताई म्हणाली, "त्या प्लंबरला कळव, येऊ नको म्हणून."

फोन करून छोटी आत धावली, तेव्हा ताई टॉवेल गुंडाळून टबाबाहेर उभी होती आणि तिच्या हातात घासणी होती. "थांब. माझ्या उष्ट्या पाण्यात नाही बसायचं तू. पाणी सोडते, परत घासते, मग..."

छोटीनं पुढचं ऐकलंच नाही. अंगातल्या गाऊनसकट, चष्म्यासकट ती धप्पकन टबात बसली. पाणी काठावरून उसळलं आणि फरशी ओलांडून थेट बाहेरच्या खोलीत गेलं.

ताईनं त्या पाण्याकडे पाहिलं.

"पाठ कर इकडे," ताई स्टूल ओढून घेत म्हणाली. "घासून देते."