डी ड्राइव्हला हात लावू नका

भोकरचे निवृत्त शिक्षक आनंदराज गजभारे यांनी घरच्या कंप्युटरवर स्वतःच नवीन विंडोज टाकायला घेतली आणि ती मध्येच अडकली. पडद्यावरचा आकडा काही केल्या हलेना. बंद करून परत चालू केलं, तरी तिथंच येऊन बसली. नांदेडच्या दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, "घेऊन या सर. सगळं पुसून नव्यानं टाकू."

सगळं पुसायचं म्हणजे सुमनबाईचे फोटोही गेले. बायकोच्या माघारी तेवढेच उरले होते.

शेवटी सरांनी लातूरला लेकीला फोन लावला. लुंबिनीनं लिंगायत घरातल्या अमरेशशी लग्न केलं, तेव्हापासून ते तिच्याशी बोलले नव्हते.

"बाबा?" ती घाबरली. "बरे आहात ना?"

"मला काय झालंय? कंप्युटर अडकलाय. तुझ्या नवऱ्याला दे."

अमरेश एका कॉलेजात कंप्युटर लॅब सांभाळायचा. नमस्कार करून त्यानं विचारलं, "सर, डब्यावरचा बारका दिवा लुकलुकतोय का?"

"न्हाई."

"म्हणजे काम थांबलंय. बटण दाबून धरा, बंद होऊ द्या. प्रिंटर-बिंटर जोडलेलं सगळं काढा, कीबोर्ड आणि माऊस तेवढा ठेवा. विंडोजचा पेन ड्राइव्ह कुठं लावलाय?"

"पुढं."

"मागं लावून बघा. पुढचं कनेक्शन कधी कधी ढिलं असतं."

सर गुडघे टेकून टेबलाखाली शिरले. घामाघूम होऊन बाहेर आले, कंप्युटर चालू केला. विंडोज कुठं टाकायची, असं पडद्यानं विचारलं. सरांचा हात माऊसवर होता.

"थांबा," अमरेश म्हणाला. "लुंबिनी म्हणते, तिच्या आईंचे फोटो ह्यातच हायत. कुठं ठेवलेत?"

हा प्रश्न दुकानदाराला सुचला नव्हता. सरांनी माऊसवरचा हात काढला. "डी ड्राइव्हला."

"मग डी ड्राइव्हला हात लावू नका. दिसतंय ते सगळं मला वाचून दाखवा."

सरांनी एकेक ओळ वाचली. अमरेशनं सांगितलं तिथंच क्लिक केलं. दिवा लुकलुकायला लागला. आकडा हळूहळू पुढं सरकू लागला.

आता नुसतं बघत बसायचं होतं, पण फोन कुणीच ठेवेना.

"तुमच्या घरचे बोलतात का लुंबिनीशी?" सरांनी एकदम विचारलं.

"आता बोलतात. सुरुवातीला आमची आई ताट वाढायची, पण तोंडातून शब्द काढायची न्हाई. लई दिवस चाललं तसं. लुंबिनी जेवून उठायची अन् बाल्कनीत जाऊन तुमचा नंबर लावायची. रिंग जायच्या आधीच कापायची."

राग फक्त आपल्याच घरात आहे, तिकडं पोरगी सुखात आहे, असं सर धरून चालले होते. दोन्हीकडून तिच्याशी कुणी बोलत नसेल, हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं.

कंप्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा चालू झाला. नवीन पडदा उघडला. सरांनी आधी डी ड्राइव्ह उघडला. फोटो जागेवर होते.

"हायत का?" तिकडून अमरेशनं विचारलं.

"हायत." सरांनी चष्मा काढून पुसला. "तिला द्या फोन. अन् तुम्ही कुठं जाऊ नका, तिथंच बसा. दोघांशी बोलायचंय."