पुरुषांची मंगळागौर

अमेरिकेतल्या चँडलरच्या मराठी मंडळाला विनोदाचा एकच प्रकार ठाऊक होता आणि तो दरवर्षी श्रावणात, एका शाळेच्या भाड्यानं घेतलेल्या कॅफेटेरियात पार पडायचा. त्याचं नाव पुरुषांची मंगळागौर. आठ इंजिनिअर बायकोच्या जुन्या साड्या गुंडाळून, ब्लाउजमध्ये फुगे कोंबून, मिशांसकट फुगडी घालायचे. लोक पोट धरून हसायचे आणि फुगा फुटला की दुप्पट हसायचे. दिवसभर चिप डिझाइन करणाऱ्या डोक्यांना याहून वरचं काही सुचत नसे.

२००५ साली श्रीरंग देवस्थळीनं आपणहून नाव दिलं, तेव्हा मंडळाचा अध्यक्ष चंद्रशेखर खूश झाला.

"अरे वा! तू तर एवढा शाय आहेस यार. मिशी मात्र ठेव हं, जास्त फनी दिसतं."

श्रीरंगनं मान डोलावली आणि शुक्रवारी घरी जाऊन मिशी काढली.

त्याचं असं होतं. वय अडतीस, घरात एकटा, आणि कपाटात सहा साड्या, दोन विग आणि एक मोत्यांची नथ. हे सगळं अंगावर चढवलं की आरशातलं माणूस त्याला ओळखीचं वाटे. पण आरशापलीकडे जायची हिंमत म्हणाल तर शून्य. रविवारी पहाटे, अख्खं गाव झोपलेलं असताना, तो साडी नेसून गाडीतून फ्रीवेवर एक चक्कर मारून येई. टाकी शनिवारीच भरून ठेवी, न जाणो वाटेत उतरून स्वतः पेट्रोल भरावं लागलं तर! याला तो धाडस म्हणे. धाडस कसलं डोंबलाचं! काचा वर, दारं लॉक, आणि सिग्नलला शेजारी गाडी थांबली की मान खाली.

इंटरनेटवरचे शहाणे सांगत, आत्मविश्वास हाच खरा मेकअप. खांदे मागे घ्या, हसा आणि चालू पडा. श्रीरंगनं लायब्ररीत जाऊन अशी चाळीस पानं छापून आणली होती. काष्टा कुठं खोचायचा हे त्यातल्या एकाही शहाण्याला माहीत नव्हतं.

मग त्याला ही मंगळागौरीची युक्ती सुचली. सगळेच साडीत, तर आपल्याला कोण विचारतो? एकदा, फक्त एकदाच, चार माणसांनी आपल्याला तसं बघावं. आणि हसलेच, तर सहाच्या सहा साड्या कचऱ्यात टाकून विषय कायमचा संपवायचा, असं त्यानं ठरवून टाकलं.

चूक त्यानं एकच केली. साडी तो मनापासून नेसला.

शनिवारी दुपारी चंद्रशेखर धरून सातजण फुगे सावरत धावत आले. हशा झाला. मागून श्रीरंग आला. जांभळी नऊवारी, चापूनचोपून काष्टा, अंबाडा, नथ. हशा तिथल्या तिथं आटला. "ही कोण?" कुणीतरी विचारलं, कुणीतरी सांगितलं, आणि हॉल अजूनच गप्प झाला. फुगे कोंबलेला बाप्या या लोकांना चालत होता, मुलंबाळं मांडीवर घेऊन बघण्याइतका चालत होता. नीट निऱ्या घातलेला बघितल्यावर मात्र एका बाईनं आपल्या मुलाचं तोंड दुसरीकडे वळवलं.

चंद्रशेखर दोन जादा फुगे घेऊन जवळ आला.

"घाल ना यार पटकन. पब्लिक कन्फ्यूज झालंय. जोक कळत नाहीये कुणाला."

श्रीरंगनं फुगे घेतले. कोंबले की सुटका होती. लोक हसतील, हा एक तास टळेल, आणि संध्याकाळी कचऱ्याचा डबा आहेच.

"ए, इकडे ये रे जरा."

हाक पहिल्या रांगेतून आली होती. चंद्रशेखरची आई, शोभाकाकू, सहा महिन्यांसाठी सांगलीहून आल्या होत्या आणि हॉलमध्ये शिरल्यापासून तिथल्या एकूण एक बाईच्या नेसण्याला नावं ठेवत होत्या. सुरुवात अर्थातच सुनेपासून झाली होती.

काकूंनी श्रीरंगला नखशिखांत न्याहाळलं.

"पिना किती टोचल्यात या! साडी आहे की नोटीस बोर्ड?" त्यांनी भराभर चार पिना उपसल्या, पदर ओढून कमरेला खोचला, नथ सरळ केली. "काष्टा बरा जमलाय, आमच्या सुनेपेक्षा बरा. पण उभा कसा राहतोस, चोरी करून आल्यासारखा? नऊवारीत पाठ वाकवायची नसते. जा आता."

"आई, अगं तो जोक..."

"बघितला तुझा जोक. फुगे सांभाळ."

काकूंनी श्रीरंगचं कौतुक केलं नव्हतं, दया तर मुळीच दाखवली नव्हती. सगळ्या बायकांना ठेवली तशीच त्यालाही नावं ठेवली, रतीभर कमी नाहीत की जास्त नाहीत. त्याला आयुष्यात इतका आनंद कधी झाला नव्हता.

त्यानं फुगे काकूंच्या खुर्चीखाली सरकवले, चंद्रशेखरचे हात धरले आणि पाठ ताठ ठेवून फुगडी घातली. तिसऱ्या गिरकीला चंद्रशेखरची साडी सुटली, चौथीला फुगे फुटले आणि पाचवीला अध्यक्ष फरशीवर बसले. हॉल खो खो हसला. श्रीरंगनं मान वर करून नीट बघून घेतलं. त्याला कुणीच हसत नव्हतं.

बदलायचे कपडे त्यानं गाडीत बॅगेत आणले होते. पार्किंगमध्ये बॅग त्यानं उचलली आणि तशीच मागच्या सीटवर टाकली. टाकी अर्धी भरलेली होती, घर चार मैलांवर. तरीही भर उन्हात, शनिवारच्या ऐन गर्दीत, त्यानं गाडी पंपाकडे वळवली.

उतरून त्यानं पदर सारखा केला आणि नळी टाकीला लावली. पलीकडचा पिकअपवाला आ वासून बघत होता. श्रीरंगनंही त्याच्याकडे बघितलं, आणि शेवटी पिकअपवाल्यानंच मान खाली घातली. टाकी काठोकाठ भरेपर्यंत श्रीरंग तिथं उभा राहिला, पाठ ताठ ठेवून.