दाराखालची भोकं

गाडी पुसता पुसता काकूंचा अंगठा दारात गेला. दाराच्या फटीत गेला असता तर नुसतं ठणकलं असतं. हा गेला थेट पत्र्यात. दाराच्या खालच्या कडेला रंगावर एक फोड आला होता, घामोळ्यासारखा, आणि तो फडक्याने जरा दाबून बघावा एवढंच त्यांच्या मनात होतं. फोड फुटला, तपकिरी भुगा चपलेवर सांडला आणि अंगठा नखासकट आत. अंगठा काढला की भोक दिसणार, म्हणून काकूंनी तो बराच वेळ काढलाच नाही.

गल्लीत त्यांना सगळे काकू म्हणत. शिवणकाम करायच्या. त्यांचे यजमान म्हणजे नळवाले काका; साऱ्या वस्तीचे नळ, मोऱ्या आणि टाक्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. आणि गाडी दोघांची. वयाने त्यांच्या लेकीपेक्षा मोठी, आणि लेक आता स्वतः एका द्वाड मुलीची आई होती.

गाडी जुनी झाली की तिची सरकारी तपासणी करावी लागे. तपासनीस हातोडी घेऊन पत्रा ठोकत गाडीभोवती फिरे. पत्रा कुजलेला निघाला की गाडी नापास, आणि या वयात नापास झालेली गाडी रस्त्यावरून जायची ती भंगारवाल्याच्या दोरीला बांधूनच. तपासणी येत्या गुरुवारी होती.

नुसत्या गाडीचा प्रश्न असता तर काकूंनी तिच्या नावाने दोन टिपं गाळून विषय संपवला असता. पण मागच्या वर्षी काकांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू निम्मी त्यांची राहिली होती, निम्मी कुणा परक्याची. व्यायामाच्या हॉलमध्ये नेऊन नेऊन आता कुठे ते काठी टेकत चालायला लागले होते. आणि तिथे जायचं ते याच गाडीने, कारण हिची सीट उंच. काकांनी नुसतं मागे टेकायचं, काकूंनी पाय उचलून आत ठेवायचे, की बसले. एकदा भाड्याच्या गाडीने नेलं, तर पाय आत, धड बाहेर, मागे हॉर्नचा गोंधळ आणि ड्रायव्हर घड्याळाकडे बघतोय. त्या दिवसापासून काकांनी कानाला खडा लावला. दुसऱ्या कुठल्याही गाडीचं नाव काढलं की ते भिंतीकडे तोंड करून झोपत. म्हणजे ही गेली की काका खिडकीजवळच्या खुर्चीत बसणार, आणि एकदा बसले की बसले. हे काकू कुणापाशी बोलल्या नव्हत्या. बोललं की खरं होतं, असं त्यांना उगाचच वाटे.

पत्रेवाल्याने गाडीखाली आडवं होऊन पाहिलं. दाराखालच्या उंबरठ्याच्या पत्र्याला वेल्डिंग लागेल, ते मी करतो, म्हणाला. दाराचा आकडा मात्र त्याने असा काही सांगितला की काकूंनी पर्सची चेन आधीच ओढून घेतली. त्यालाही त्यांची दया आली असावी. दार तुम्हीच घरी करा, असं त्याने सुचवलं. गंज खरवडायचा, काचेच्या धाग्यांचं कापड रसायनात भिजवून चिकटवायचं, वर पुट्टी, मग घासा आणि रंगवा.

"कापडाचंच काम आहे काकू," तो म्हणाला. "फक्त एक करा. चांगला पत्रा लागेपर्यंत खरवडा. मध्ये थांबलात तर गंज आतून पुन्हा येईल."

हे काकूंना सांगायला नको होतं. विरलेल्या कापडावर ठिगळ टिकत नाही, कापड घट्ट लागेल तिथवर कापावंच लागतं, हे त्या शिकायला येणाऱ्या पोरींना घसा कोरडा होईस्तोवर सांगत. पण सांगणं वेगळं. तारेचा ब्रश फिरवला तसं अंगठ्याएवढं भोक बशीएवढं झालं. अजून भुगा. बशीची थाळी झाली. दर हाताला पत्रा पापडासारखा तुटून येई. हे थांबणारच नाही, त्यांच्या मनात आलं. असंच खरवडत खरवडत शेवटी हातात नुसती कडी उरेल.

काका अंगणात खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्या उंचीवरून दाराचा तळ दिसत नव्हता, पण म्हणून सूचना थांबत नव्हत्या.

"हलक्या हाताने."

"हलक्याच हाताने करतेय."

"मग एवढा आवाज?"

"तो माझ्या दातांचा आहे," काकू म्हणाल्या आणि ब्रश आणखी जोरात चालवला.

तेवढ्यात नणंदबाई डोकावल्या. येताना त्या नेहमी काहीतरी घेऊन येत, या वेळी सल्ला आणला होता. गाडी विकून टाका, असं त्यांचं म्हणणं होतं. पण मग विकत कोण घेणार, हा प्रश्न त्यांनीच विचारला आणि स्वतःशीच हसल्या. जाता जाता वहिनीला बाजूला घेऊन म्हणाल्या, दादाला घरातच दोन खोल्यांत फिरवलं तर नाही का चालायचं, एवढी ओढाताण कशाला. काकूंनी हो वन्सं म्हटलं आणि पॉलिशपेपर पाण्यात बुडवला. चिडायला हात मोकळे हवेत, आणि ते नव्हते.

खालच्या कडेला काळा, डांबरासारखा लेप होता. तो खरवडल्यावर त्याखाली आणखी भोकं निघाली. लांबट, एका ओळीत, सारख्या अंतरावर, शर्टाच्या पट्टीवर काजं करावीत तशी. काकू जरा थबकल्या. गंजानेसुद्धा किती नीटनेटकं खाल्लंय बाई, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. त्यांच्याकडे कपडे येत ते असे ओळीने कधी फाटलेले नसत. पण गुरुवार जवळ होता आणि भोक ते भोक.

काचेचं कापड त्यांनी जुन्या कात्रीने कापलं. चांगली कात्री त्या काकांना नखं कापायलाही देत नसत. कापड भोकाच्या मापाचं नाही, चहूबाजूंनी बोटभर माया सोडून. मोठ्या भोकाला थरावर थर दिले आणि खालच्या त्या काजांवर एक सलग पट्टी ओढली. पुट्टी, घासणं, परत पुट्टी, परत घासणं. शेवटी रंग. तळाची कड तर अशी आली की उलट बाजूनेही टीप दिसू नये. काकांनी काठीने हळूच टकटक केलं.

"एक थेंब आत जाणार नाही," ते म्हणाले. आयुष्यभर गळती थांबवलेल्या माणसाकडून याहून मोठी शाबासकी नव्हती. काकूंना त्या दिवशी भूक लागली.

बुधवारी सकाळी त्यांनी गाडी धुतली. तपासनिसासमोर न्यायची, तर चकचकीत न्यावी. पाइप लावून छतावरून, काचांवरून भरपूर पाणी सोडलं, आणि पुसून झाल्यावर काकांच्या बाजूचं, ठिगळ लावलेलं दार उघडून धाडकन लावलं.

दार बोललं. डुबुक.

काकूंनी पुन्हा उघडलं, हळूच हलवलं. आत पाणी हेलकावत होतं, अर्ध्या भरलेल्या घागरीसारखं. नवा रंग, नवी पुट्टी, आणि आत तळं साचलेलं. आता हे आतून कुजणार, फुगणार, उद्या तपासनिसाने हातोडी मारली की फुटणार. पाणी शिरलं कुठून, त्यांना कळेना. इतकं पक्कं बुजवलं होतं.

"काचेच्या फटीतून," काका खुर्चीतून म्हणाले. "काच खाली जाते ना, तिथून पाणी आत जाणारच. त्याचं काही नाही. पण ते बाहेर..."

तिथे ते थांबले.

काकू तोवर गाडीला वळसा घालून आपल्या बाजूच्या दारापाशी खाली बसल्या होत्या. दाराच्या तळाला तसाच काळा लेप होता. त्यांनी सुई घेतली आणि कडेने खरवडत नेली. लेपाखाली एक खड्डा लागला. लांबट. बोटभर पुढे दुसरा, मग तिसरा. सुई खड्ड्यातून आरपार जात होती आणि कडा गुळगुळीत होत्या. गंज काही दोन्ही दारांना एकाच मापाची काजं करत बसत नाही. ही भोकं कारखान्यातूनच आलेली होती, पाणी जाण्यासाठी.

"ती बुजवलेली होती," काकू उठत म्हणाल्या. "तुमच्या त्या काळ्या लेपाने."

काकांनी काठीचं टोक जमिनीवर घासलं. दरवर्षी सुट्टी काढून, गाडीखाली झोपून, कपड्यांवर डाग पाडून घेत त्यांनी तो लेप मारला होता. गंज लागू नये म्हणून. एक फट सोडली नव्हती.

"अख्ख्या गावाच्या तुंबलेल्या मोऱ्या काढल्या," ते अखेर म्हणाले, "आणि आपल्या गाडीची बुजवून ठेवली."

"मीही बुजवलीच की. वर रंग लावून."

हसू आलं, पण दोघांनाही ते पुरलं नाही. भोकं परत पाडायची, तीही नव्या पुट्टीत आणि आजच. ड्रिल जरा घसरलं की पुट्टीला तडा जाणार, मग दुरुस्तीला वेळ नाही. आणि पाडायची नेमकी कुठे? बाहेरून सगळं सपाट, गुळगुळीत, काकूंनीच तसं केलेलं. जागा चुकली तर भोकाऐवजी धड पत्र्यावर जायचं ड्रिल.

काकूंनी कपाटातून खाकी कागद आणला. आपल्या बाजूच्या दाराच्या तळाला तो लावून, कोपऱ्यापासून कडेपर्यंत नेऊन, भोकांच्या जागी सुईने टोचे मारले. मग कागद उलटा केला. डावी बाही कापली की तोच कागद उलटून उजवी कापायची. यात त्यांना विचार करावा लागत नव्हता. उलटा कागद काकांच्या दाराखाली चिकटवला तेव्हा मात्र टोचे दोनदा मोजले.

ड्रिल घेऊन त्या वळल्या, तर काका खुर्चीत नव्हते. दाराला धरून ते खाली बसत होते. आधी डावा गुडघा, मग कसाबसा उजवा. आजारानंतर ते जमिनीवर बसले नव्हते. हॉलमधल्या बाईंनी तर बजावून ठेवलं होतं.

"अहो, उठणार कसे तुम्ही?"

"ते नंतर बघू. आधी पाणी कुठे साचलंय ते ऐकू दे."

त्यांनी डाव्या हाताच्या बोटाने दाराच्या पोटावर टिचक्या मारत नेल्या, कान पत्र्याला लावून. वर पोकळ आवाज, मग एकदम भरीव. पाणी मागच्या कोपऱ्यात जास्त आहे, पहिलं तिथलं पाड, म्हणाले. ड्रिल काकूंच्या हातात, खालून बादली काकांच्या हातात. काकूंनी ड्रिल दाबलं. पुट्टी किरकिरली. पांढरी भुकटी उडाली. तडा गेला असं वाटून त्यांनी डोळे मिटले.

बादलीत धार पडली. आधी गढूळ, लालसर, मग स्वच्छ. काका ती धार अशी बघत होते, जशी काही त्यांनीच कुठल्या मोरीतून काढली. एकेक करून सगळी भोकं झाली. काकूंनी कडांना नखभर रंग लावला. तडा गेला नव्हता.

मग उठायची वेळ आली. काकांनी कडी धरली, काकूंनी काखेत हात घातले. एकदा नाही जमलं. दुसऱ्यांदा दार करकरलं आणि काकूंना भीती वाटली ती नक्की कुणाची, दाराची की यांची, ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही. तिसऱ्यांदा उठले. घामाघूम, काठी शोधत, आणि चेहऱ्यावर असा आनंद की काकू डोळे लपवत पाइप गुंडाळायला लागल्या.

तपासनीस चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवणारा माणूस होता. त्याने काकांना उतरायला लावलं आणि हातोडी घेऊन फेरी सुरू केली. टक, टक, टक. काका काठीवर रेलून उभे, काकू त्यांच्या बाहीला धरून. दारावर हातोडी आली. टक, टक, आणि पुट्टीवर टप. आवाज बदलला हे काकूंनाच कळलं असं नाही. तपासनिसाने पुन्हा ठोकलं. टप. मग तो वाकला आणि दाराच्या तळावरून बोट फिरवलं. बोट एका भोकाशी थांबलं.

"ही भोकं कुणी पाडली?"

"आम्ही," काका म्हणाले. "पाणी जायला."

तपासनिसाने चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. "लोक ही बुजवून आणतात," तो म्हणाला. "वरून छान रंगवतात. मग दार आतून सडतं आणि माझ्याशी भांडतात."

दोघांनी एकमेकांकडे बघण्याचं टाळलं. काकूंनी तर आपण अशा लोकांना ओळखतही नाही असा चेहरा केला.

"वेल्डिंग ठीक आहे. ठिगळ पक्कं आहे," तो म्हणाला आणि शिक्का मारला. "एक वर्ष."

काकूंनी काकांना सीटवर टेकवलं, पाय उचलून आत ठेवले. हॉलला उशीर झाला होता. घाईघाईने वळसा घालून त्या आपल्या बाजूला आल्या आणि दार उघडायला हात पुढे केला. खालच्या कोपऱ्यावर, रंगाखाली, एक बारीकसा फुगवटा होता.

"काय झालं?" आतून काकांनी विचारलं.

काकूंचा अंगठा फुगवट्यापर्यंत गेला होता. त्यांनी तो मुठीत घेतला.

"काही नाही," त्या म्हणाल्या आणि दार अगदी हळू लावून घेतलं.