माशांची टोपली

भोईतळ्यात पाणी किती येणार हे पावसाच्या हाती होतं, पण त्यातलं किती राहणार हे चंदूच्या हाती होतं.

महाड-पोलादपूरच्या मधल्या डोंगरांच्या पायथ्याशी हे तळं. त्याला दोन मोऱ्या. खालची मोरी पाणी शेतांकडे सोडायची, वरची ओढ्याचं पाणी आत घ्यायची. दोन्हींना लाकडी फळ्या, एकीवर एक बसवलेल्या. दिवाळी सरली की चंदू खालच्या मोरीची एकेक फळी काढत जाई. मग कडेचा चिखल उघडा पडे, आणि थंडीपुरत्या लांबून आलेल्या बदकांना चोच घालायला जागा मिळे. काठावरचं बेशरम उपटायचं, जलपर्णी ओढून उन्हात टाकायची, मधलं पाणकणीस मात्र जिथल्या तिथं ठेवायचं, कारण अडया आणि हळदीकुंकू बदकं त्याच्या आडोशाला राहात. वनखात्यानं त्याला रोजंदारीवर राखणदार नेमलं होतं. राखणीत काय काय येतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वर्षं गेली तसं तळ्यानंच ते त्याच्याकडून करवून घेतलं.

फाट्यावरचा दुकानदार दत्ताराम त्याला बदकांचा मुकादम म्हणे.

"काय मुकादम, हजेरी झाली का?"

"झाली. तुझीच तेवढी राहिली. ये, उतर पाण्यात."

"मी उतरलो तर तुझं तळं काठावर येईल रे!" दत्ताराम पोटावरून हात फिरवत हसे.

अठ्ठ्याण्णव साली पाऊस दसऱ्याच्या आधीच गेला. शिमगा जवळ आला तेव्हा पाणी इतकं खाली गेलं की पाणकणसाची मुळं दिसायला लागली. आणखी थोडं उतरलं असतं तर वाडीतली कुत्री चिखलातून चालत थेट मधल्या बेटापर्यंत गेली असती. चंदूला तीच धास्ती. थंडीचे पाहुणे काय, उडून जाणारच होते. पण अडया, हळदीकुंकू, टिबुकल्या ही घरची माणसं. ती एकदा घाबरून उठली तर या तळ्यावर पुन्हा भरवसा ठेवणार नाहीत, असं त्याचं मन सांगत होतं. ओढ्याचं पाणी आत घेतल्यावाचून उन्हाळा निघणार नव्हता.

पण ओढा एमआयडीसीच्या कडेनं येत होता. मागं एकदा त्यातून मेलेले मासे वाहत आले होते. तेव्हापासून चंदूनं आपली एक रीत घातली. तळ्यातले चारदोन मासे धरायचे, झाकणाच्या बांबूच्या टोपलीत घालायचे आणि टोपली वरच्या मोरीच्या तोंडाशी ओढ्यात बांधून ठेवायची. एक दिवस-रात्र मासे तगले तर फळ्या काढायच्या. पाणी आत येत असेतोवर टोपली तिथंच ठेवायची, आणि येता-जाता झाकण उचलून बघायचं. त्या झाकणाला निळ्या नायलॉनच्या दोरीचा मूठ धरायचा फास होता. उज्वला शाळेत असताना तिनं तो वळला होता.

उज्वला ही त्याची मुलगी. बौद्धवाडीतली पहिली बी.एस्सी. बिरवाडीला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची, तिथल्याच एका कारखान्याच्या लॅबमध्ये कामाला जायची आणि रविवारी घरी यायची. त्या रविवारी ती आली तेव्हा चंदू पडवीत बसून टोपलीच्या सुटलेल्या कामट्या बांधत होता.

"बाबा, त्या बिचाऱ्या माशांना कशाला वेठीला धरताय? बाटलीत पाणी भरून द्या. उद्या तपासून सांगते."

"मासा खोटं बोलत नाय गो."

"आणि मी बोलते?"

"शाळेत असताना बोलायचीस. पोटात दुखतंय म्हणायचीस आणि तळ्यावर येऊन बसायचीस."

आतून तिची आई, गीताबाई, म्हणाली, "बापाला ठाऊक होतं तर हाकलायचं होतं मग. दोघं मिळून टिबुकल्या बघत बसायचात."

चंदू हसला. टोपली बाजूला ठेवून तो ओढ्यावर गेला आणि बाटली विसळून विसळून भरून घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दत्तारामनं दुकानातून हाळी दिली. फोन होता. चंदूनं रिसिव्हर दोन्ही हातांनी धरला.

"बाबा, पाणी चांगलं आहे. खुशाल घ्या आत."

"बघितलंस ना नीट?"

"दोनदा बघितलं."

फोन ठेवल्यावर चंदू काही न घेताच दुकानात रेंगाळला. मीठ घ्यायला आलेल्या बायांना, एसटीची वाट बघणाऱ्या मास्तरांना, सगळ्यांना त्यानं सांगितलं, "लेकीनं तपासलं पाणी. लॅबमध्ये." दत्ताराम म्हणाला, "मुकादम, आता बदकांचं रक्तही तपासून घे." चंदूला तेही आवडलं.

घरी आला तर गीताबाई खुडूक कोंबडीच्या मागं फिरत होती. डालगं उंदरांनी कुरतडलं होतं आणि कोंबडीला अंड्यांवर बसवायला काही नव्हतं. चंदूनं खुंटीवरची टोपली काढून तिच्यापुढं ठेवली.

"ही घे."

"आणि तुमचे मासे?"

"मला काय गरज हाय तिची आता? माझी लेक हाय."

गीताबाईनं टोपलीत पेंढा घातला, वर अंडी मांडली, कोंबडी बसवली. चंदू वरच्या मोरीवर गेला आणि त्यानं फळ्या काढल्या. पाणी आत आलं तेव्हा आधी त्याचा आवाज आला, मग फेस, मग चिखलातल्या भेगांतून बुडबुडे. होळीपर्यंत पाणकणसाची मुळं झाकली. पेंगत बसलेल्या अडया पाण्यावर आल्या आणि शिट्ट्या घालत बेटाभोवती फिरू लागल्या. त्यांच्यामागून हळदीकुंकवाची जोडी. चंदू काठावर उकिडवा बसून बघत राहिला. एवढा समाधानी तो लेकीच्या निकालादिवशीच झाला असेल.

धुळवडीला कारखाने बंद. वाड्यावाड्यांतून पालख्या नाचत होत्या, रस्त्यावर माणूस नव्हतं. अशा सुट्टीच्या दिवशी वरच्या अंगाला कुणी काय सोडलं, कुठल्या टाकीचं झाकण उघडलं, ते पुढं कधीच कळलं नाही. संध्याकाळी चंदू बांधावरून चक्कर मारून गेला तोवर पाणी पाण्यासारखंच होतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, उजाडताच तो आला तेव्हा आधी वास लागला, वार्निशसारखा. पाण्यावर तांबूस तवंग होता आणि त्याच्यावर उन्हाचे रंग खेळत होते. काठाला मासे पोट वर करून लागले होते. पण चंदूचं लक्ष त्यांच्याकडे गेलंच नाही. अडया पाण्यावर होत्या, पण नेहमीसारख्या वर तरंगत नव्हत्या. पिसं अंगाला चिकटली होती आणि त्या खाली बसत चालल्या होत्या, एखादी होडी गळत गळत बसावी तशा. एक पंख मारून उठू बघे आणि तिथंच आपटे. शिट्टी कुणाचीच येत नव्हती.

त्यानं आधी मोरीच्या फळ्या बसवल्या. मग कपड्यांसकट पाण्यात शिरला. हाताला लागेल ते पाखरू उचलून काठावर आणून ठेवू लागला. बरीचशी त्याच्या हातातच मान टाकत होती.

पहिल्या एसटीतून उतरलेली उज्वला फाट्यावरून थेट तळ्यावर आली, कारण फाट्यावरच तिला कुणीतरी सांगितलं. ती आली तेव्हा चंदू बांधाच्या खाली खड्डा खणत होता. शेजारी पाखरं ओळीनं ठेवलेली. हळदीकुंकवाच्या चोचीचं पिवळं टोक तेवढं अजून कोरडं आणि स्वच्छ होतं.

तिनं वाकून काठाचं पाणी बोटावर घेतलं, हुंगलं आणि तशीच ओणवी राहिली.

"मी म्हणाले होते चांगलं आहे."

"होतंच चांगलं."

"मी म्हणाले म्हणून तुम्ही घेतलंत."

चंदूनं कुदळ थांबवली. लेकीचा चेहरा त्यानं लहानपणापासून पाहिला होता, तापात पाहिला होता, आजी गेली तेव्हा पाहिला होता. पण असा नव्हता पाहिला. तळं तर गेलंच होतं. आता ही पण जाईल, असं त्याला वाटलं.

"बाबा, टोपली ठेवली होती का?"

"ठेवली होती," चंदू म्हणाला.

तिनं वर बघितलं.

"तू सांगितलंस तरी सवय जाते का बाय माझी? ठेवली होती मोरीशी. काल संध्याकाळी झाकण उचलून बघितलं. मासे चांगले फिरत होते."

"खरंच?"

"मग? तुझं बरोबर होतं आणि माशांचं पण बरोबर होतं. पाणीच मागनं बदललं. त्याला तू काय करशील आणि मी काय करीन."

उज्वला खाली बसली. गुडघ्यांत डोकं घालून रडली, पण ते रडणं मोकळं होतं, चंदूला ते कळलं. त्यानं तिला रडू दिलं. मग दोघांनी मिळून एकेक पाखरू खड्ड्यात ठेवलं. ती माना नीट वळवून ठेवत होती. निम्मी झाल्यावर चंदू म्हणाला, "चल, तोंडावर पाणी मारून येऊ. तुझी आई काळजी करत असेल."

टोपलीची आठवण त्याला अंगणात पाय ठेवल्यावर झाली. तेव्हा उशीर झाला होता.

गीताबाई पडवीत होती. ती रडवेली होऊन लेकीला जवळ घेत म्हणाली, "हातपाय धू गो आधी, विष असेल त्यात." उज्वला हात धुवायला वळली आणि थांबली. पडवीच्या कोपऱ्यात कोंबडी अंग फुगवून बसली होती. टोपलीचं झाकण शेजारी भिंतीला टेकून ठेवलं होतं, निळ्या दोरीचा फास वर करून.

"आये, ही कधी बसवलीस?"

"होळीच्या आधीच. तुझा फोन आला ना, त्याच दिवशी." गीताबाई पदरानं डोळे पुसत सहज बोलत होती. "डालगं मोडलं होतं. तुझ्या बापानंच दिली काढून. म्हणाला, मला काय गरज हाय तिची, माझी लेक हाय."

चंदू उंबऱ्याबाहेर उभा होता. त्याला वाटलं, जमिनीनं आता गिळावं. आपण काय बोलून गेलो ते गीताबाईला कळलंच नव्हतं. ती पाणी आणायला आत गेली.

उज्वला टोपलीपाशी बसली. कोंबडीनं मान फुगवून तिच्या हातावर चोच मारली. तिनं हात काढला नाही. कोंबडीनं पुन्हा मारली.

चंदू वाट बघत होता. ती काही बोलेल, ओरडेल, का खोटं बोललात म्हणून विचारेल. ते त्याला चाललं असतं. पण ती उठली, हात धुतले, तोंडावर पाणी मारलं आणि त्याच्याकडं न बघता म्हणाली,

"चला बाबा. खड्डा बुजवायचा राहिलाय."

वाटेत ती पुढं होती, तो मागं. बांधाशी आल्यावर तिनं नुसतं एवढंच विचारलं, "टोपलीतले मासे पण मेले असतील ना?"

"हां," चंदू म्हणाला. "ते पण."

"बरं," ती म्हणाली, आणि माती ओढायला लागली.

वनपाल आले, पंचनामा झाला, पाण्याच्या बाटल्या लाख लावून कुठं कुठं गेल्या. तपास लागला नाही. पावसाळ्यात चंदूनं दोन्ही मोऱ्या उघड्या टाकल्या आणि डोंगराच्या पाण्यानं तळं धुऊन काढलं. दिवाळीनंतर नेहमीसारखी एकेक फळी काढली. चिखल नेहमीसारखा उघडा पडला. एका सकाळी उत्तरेकडून बदकांचा एक थवा आला, तळ्यावर दोन घिरट्या घातल्या आणि कशेडी घाटाच्या बाजूला निघून गेला. चंदू मान वर करून बघत राहिला. दत्तारामनं फाट्यावरून ते पाहिलं, पण त्या दिवशी त्यानं हजेरीचं विचारलं नाही.

उज्वला नोकरी करत राहिली. रविवारी येत राहिली. त्या दिवसाबद्दल ना ती काही बोलली, ना तो. एक गोष्ट मात्र झाली होती. तो आता तिला कशाचंच विचारत नसे, तिला त्रास होईल म्हणून. आणि ती त्याला काही सांगत नसे, तो विश्वास ठेवील म्हणून.

माघात एका रविवारी ती महाडच्या बाजारातून नवी टोपली घेऊन आली. बांबू अजून हिरवट होता. झाकणाला निळी दोरी वळलेली. घरी न जाता ती तळ्यावर आली आणि टोपली बापापुढं धरली.

चंदूनं ती हातात घेतली. कामट्या दाबून बघितल्या, झाकण उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं. ती टोपलीच्या तळाकडं बघत होती आणि तो पाण्याकडं. पाणी स्वच्छ होतं, काठाचे दगड तळापर्यंत दिसत होते. त्यांच्यामध्ये काहीच हलत नव्हतं. टोपलीत घालायला तळ्यात एकही मासा नव्हता.

"बाबा..." ती म्हणाली.

"चांगली हाय," चंदू घाईनं म्हणाला. "बांबू नवा हाय. आधी भिजू दे जरा."

दोघं वरच्या मोरीपाशी गेली. तिनं काठावरचा खुंट धरला, त्यानं दोरी बांधली. टोपली रिकामीच पाण्यात सोडली. ती आधी तरंगली, मग एका अंगानं कलली, आणि हळूहळू भरत खाली बसत गेली. उज्वलानं तोंड फिरवलं.

चंदूनं दोरीची गाठ पुन्हा एकदा घट्ट केली.