कांद्याची सालं

सकाळी आठच्या सुमाराला वरच्या गॅलरीतून दोरीला बांधलेली बादली खाली यायची आणि धाकटी हातातलं काम टाकून तिच्याकडे जायची. बादलीत थोरलीच्या स्वयंपाकघरातला ओला कचरा असायचा. कॉफीचा चोथा, भाज्यांची सालं, देठं, अंड्यांची टरफलं. धाकटी ती खताच्या पिंपात उलटी करायची, विसळायची, बागेत जे तयार असेल ते तिच्यात ठेवायची आणि दोरी दोनदा हलवायची. बादली वर जायची. वरून कुणी वाकून बघत नसे आणि खालून कुणी मान वर करत नसे.

दोघी जावा. एकाच घरात वर थोरली, खाली धाकटी. थोरलीचा नवरा आधीच गेलेला, मुलगा दूर परदेशात. धाकटीला मूलबाळ नव्हतंच. आणि गेली नऊ वर्षं दोघींत चकार शब्द नव्हता.

धाकटीचा नवरा गेला त्या दिवसापासूनचा हा अबोला. संध्याकाळपासून त्याच्या छातीत जळजळत होतं. "पित्त झालंय, पडतो जरा," म्हणाला, आणि तिने ते खरं धरलं. उजाडता उजाडता उठवायला गेली तर अंग गार. माणसं जमली. थोरली जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "शेजारी माणूस तळमळत होतं आणि तुला पत्ता नाही? वेळेवर एक हाक मारली असतीस तर वाचला असता माझा दीर." तो दहा वर्षांचा असल्यापासून तिच्या हातचं जेवलेला. दीर कसला, मुलगाच. धाकटीने मान खाली घातली ती घातलीच.

तीन महिन्यांनी एका सकाळी न मागता वरून बादली खाली आली. बागेला खत लागतं हे थोरलीला माहीत होतं, आणि बागेवाचून धाकटी जगायची नाही हेही. बोलणं थांबलं ते थांबलं, पण बादली चालू राहिली.

हळूहळू धाकटीला बादली वाचता यायला लागली. बटाट्याच्या सालींचा ढीग आला की मुलगा आलाय. मोसंब्यांची सालं आली की जाऊबाईंना सर्दी. चोथा दुप्पट झाला की कुणीतरी पाहुणं. रस्त्यात कुणी विचारलं, "तुमच्या जाऊबाई कशा आहेत हो?" तर ती ठासून सांगायची, "खाऊनपिऊन ठणठणीत."

या उन्हाळ्यानंतर तर बादली काठोकाठ भरून यायला लागली. चोथा एवढा, की पिंपात त्याचा थर बसून आंबूस वास सुटला. धाकटीने सुका पाला घालून घालून तो कसाबसा ताळ्यावर आणला. गुलाबाच्या बुंध्याशी थोडा पसरला तर वाळून त्याची खापरी झाली, पाणी आत मुरेना. "म्हातारपणी किती कॉफी ढोसायची माणसाने!" ती खुरप्याने खापरी फोडत पुटपुटली. पण मनातून बरं वाटलं. खातेय, पितेय, भूक चांगली आहे.

मग त्या दिवशी बादली उलटी करताना चोथ्याबरोबर मूठभर कांद्याची सालं पडली.

धाकटी बघतच राहिली. थोरली आणि कांदा! लग्न होऊन आली त्या वर्षी धाकटीने हौसेने कांदा परतला होता. थोरलीने भर थंडीत सगळ्या खिडक्या सताड उघडल्या आणि बाहेर जाऊन बसली. "त्या वासाने माझं डोकं उठतं. या घरात एक तर कांदा राहील, नाही तर मी." थोरले दीर वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले होते, "कांदाच ठेवू या. तो बोलत तरी नाही." त्यांना त्या दिवशी जेवण उशिरा मिळालं, पण कांदा काही पुन्हा घरात आला नाही.

ती पिंपापाशी स्टूल घेऊन बसली आणि खुरप्याने एकेक थर उलगडायला लागली. वर या आठवड्याचा, त्याखाली मागच्याचा, त्याखाली त्याच्याही मागच्याचा. कांद्याची सालं लवकर कुजत नाहीत. अर्ध्या पिंपापर्यंत ती निघत राहिली, आणि आजवर ती आपल्याला दिसली कशी नाहीत हे तिला कळेना. पाल्यासारखीच दिसतात म्हणा. चोथाही बोटांत चोळून पाहिला. थोरलीची कॉफी पिठासारखी बारीक, हा जाडाभरडा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, आपण वर पाठवलेल्या दुधीची साल नव्हती, वांग्यांची देठं नव्हती. दोन महिने भाजी वर जात होती आणि तिची एक साल खाली आली नव्हती.

हात धुवायचं भान न राहता ती कोपऱ्यावर गेली. तिथे एका बाईचं कॉफीचं दुकान होतं. चार टेबलं, काउंटर, मागे लहानसं स्वयंपाकघर. काउंटरवरच्या टोपलीत धाकटीचे टोमॅटो होते. तिच्या वेलाला येतात तसे, चिरा पडलेले.

"हे टोमॅटो कुठून गं?"

"वरच्या आजींनी दिले," कॉफीवाली म्हणाली. "म्हणजे तुमच्या जाऊबाईंनी. तुमच्याच बागेतले की काय?"

"आणि तू त्यांना काय देतेस?"

"कचरा!" ती हसली. "मी म्हटलं, आजी, लोकांना कचरा नकोसा होतो आणि तुम्ही मागून घेताय? तर म्हणाल्या, खाली एकीची बाग उपाशी राहील. रोज सकाळी पिशवी नेऊन देते मी वर. बरोबर अर्धा कप कॉफी, गार करून. घोट घोट घेतात बिचाऱ्या."

"आणि जेवायला?"

"आता कुठलं जेवण मावशी? घशाखाली घास उतरत नाही त्यांच्या." कॉफीवालीने तिच्या मातीच्या हातांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं?"

हा प्रश्न धाकटीला कुणीतरी आधीही विचारलेला होता.

ती घरी आली आणि जिन्याखाली उभी राहिली. वर गेल्यावर थोरली काय म्हणेल याची तालीम पायरीपायरीला तिच्या डोक्यात चालू होती. पुन्हा तेच वाक्य ऐकायची तिच्यात ताकद नव्हती. पण न जाता परत खाली बसायचीही नव्हती.

वरचं दार लोटलेलं होतं. खुर्चीत थोरली बसली होती, म्हणजे खुर्चीत शाल होती आणि शालीत कुठेतरी थोरली.

"पाय पुसलेस का? मातीचे असतील."

नऊ वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

"पुसले."

"मग ये."

शेगडी पुसून लख्ख, गार. ओट्यावर कालचा दुधी आणि परवाचा दुधी शेजारी शेजारी पडलेले.

"कधीपासून, वहिनी?"

"उन्हाळ्यापासून."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"त्यांनी एक कागद दिला आणि मुलाचा नंबर मागितला. त्यात काय ते आलं."

"मला कळवायचं नाही? बोलायचं नव्हतं तर नका बोलू. बादली रिकामी सोडायची नुसती."

"दोन दिवस रिकामी आली असती तर तू वर आली असतीस."

"आलेच असते!"

"म्हणून भरत होते." थोरलीला मध्ये दम खावा लागला. "तुला मी काय काय बोलले. आता माझं करायला तुला कुठल्या तोंडाने बोलवू?"

धाकटीला रडू आवरेना, म्हणून ती रागावली. "आणि कांदा कशाला घातलात त्यात? तुम्ही आणि कांदा!"

"कांदा होता?" थोरलीने खरंच आश्चर्याने बघितलं. "मला वास येत नाही गं आता."

खाली बागेतला नळ तसाच चालू राहिला होता, त्याच्या धारेचा आवाज येत होता.

"याही वेळी मला उशीरच झाला," धाकटी म्हणाली.

"त्या वेळी झाला नव्हता."

"काय?"

"डॉक्टरांनी मला त्याच आठवड्यात सांगितलं होतं. झटका एवढा मोठा होता की दवाखान्यात असता तरी वाचला नसता. मला माहीत होतं." थोरली शालीच्या काठाकडे बघत होती. "रोज ठरवायची, आज सांगते. पण सांगितलं की माझ्या हातात काय उरलं? तो गेला, आणि कुणाचीच चूक नाही. मला ते सोसवलं नसतं."

धाकटी उठली. दारापर्यंत गेली. नऊ वर्षांत एक पहाट अशी गेली नव्हती की ती दचकून उठून शेजारच्या रिकाम्या उशीशी कान नेत नसे. जिना समोर होता. उतरून गेली असती तर कुणी तिला नावं ठेवली नसती.

"मी हे विसरणार नाही, वहिनी," ती दाराकडे तोंड करूनच म्हणाली.

"नको विसरूस."

मग ती वळली आणि ओट्याशी गेली. परवाचा बाजूला ठेवून कालचा दुधी घेतला. सुरी बोथट झाली होती. तिने तो सोलला, चिरला, मऊ शिजवला, घोटला आणि फडक्यातून दोनदा गाळला, एक कणही राहू नये म्हणून. चिमूटभर मीठ घातलं.

"गरम आहे?" थोरलीने विचारलं.

"कोमट आहे."

पहिला चमचा ओठांवरून ओघळला. धाकटीने पदराने हनुवटी टिपली. दुसरा आत गेला. थोरलीने डोळे मिटून घेतले, आणि धाकटी तिच्या गळ्याकडे श्वास रोखून बघत राहिली. गळा हलला. खाली उतरायला किती वेळ लागतो ते तिने बघून ठेवलं, आणि तेवढं थांबून तिसरा चमचा पुढे केला.

थोरलीने तोंड उघडलं.