देव्हाऱ्यात बसलेला राऊटर

मित्रांनो, मी एक जुना राऊटर आहे. जुना म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका. वय माझं अवघं सहा वर्षांचं. माणसाच्या लेकराला या वयात पहिलीत घालतात आणि आम्हाला भंगारात, त्याला मी काय करणार! अंगाचा पांढरा रंग पिवळट पडलाय, दोन अँटेनांपैकी एक सारखी मान टाकते, पण हिरवे दिवे अजून लुकलुकतात.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथून खोक्यात बसून मी पाटोद्याला आलो, एसटी स्टँडजवळच्या अशफाकच्या दुकानात. अशफाक घरोघरी इंटरनेट जोडून देतो. त्याने मला एसटीचे चालक आसाराम यांच्या घरी नेलं आणि पुढच्या खोलीत दाराच्या वर बसवलं. त्या दिवशी जे घडलं ते मी जन्मात विसरणार नाही. अशफाकने खांबावरून काळी तार ओढत आणली, तिचं साल सोललं आणि आतून निघाला काचेचा धागा. केसाएवढा बारीक! तो माझ्या पाठीत खोचला आणि माझ्या अंगात उजेड शिरला. आई गं! बसलोय पाटोद्यात आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत बीड, पुणे, समुद्रापलीकडचे देश माझ्या दारात हजर. मी किती तरी वेळ नुसता थक्क होऊन लुकलुकत राहिलो.

माझं काम टपालवाल्याचं. बंद पाकिटं घ्यायची आणि पोचवायची. आत काय आहे ते वाचायची मुभा मला नाही. बाहेरून घरात येणाऱ्या पाकिटांचा वेग म्हणजे डाउनलोड. घरातून बाहेर जाणाऱ्यांचा वेग म्हणजे अपलोड. लोक कौतुक करतात ते पहिल्याचंच. दुसऱ्याला कुणी विचारत नाही, आणि तेच पुढे नडलं.

घरात आसाराम, ब्लाऊज शिवणाऱ्या सत्यशीलाबाई आणि त्यांची बावीस वर्षांची लेक आरोही. आरोहीच्या खोलीत तासन्‌तास माझी पाकिटं जायची-यायची, पण तिथून आवाज म्हणून कधी यायचा नाही. तिची खोली मला दिसत नव्हती. मला वाटायचं, ही पोरगी रिकामी पाकिटं पाठवते की काय! माझ्या अकलेचा पत्ता लागतो ना, मित्रांनो? आरोहीला जन्मापासून ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते. बीडच्या शाळेतल्या तिच्या मैत्रिणी सगळ्या पांगल्या होत्या, आणि मी आल्यावर त्या तिला पुन्हा पडद्यावर भेटू लागल्या. सत्यशीलाबाई दारातून लेकीचं हसणं बघत राहायच्या.

अशी काही वर्षं गेली. मग एक दसरा आला. बाईंनी शिलाई मशीन पुजली, स्कूटर पुजली आणि मलाही खाली काढलं.

"ह्या डब्यानं माझ्या लेकीला बोलकं केलं. ह्याची जागा दारावर न्हाई, देवाजवळ हाय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी अशफाकला बोलावून तार थेट स्वयंपाकघरात नेली. तिथे पत्र्याचा, आतून आरसे लावलेला नवा देव्हारा होता. मला ओल्या हळदीकुंकवाची बोटं ओढली, अँटेना दुमडल्या आणि देवांच्या मागे बसवून दार लावलं. अशफाक दारातच घुटमळला. काही तरी त्याच्या ओठावर आलं होतं, पण त्याने ते गिळलं.

मान मिळाला याचा मला काय तो तोरा! पण चारच दिवसांत अंग तापू लागलं. हळद वाळून माझ्या श्वासाच्या भोकांत बसली होती. त्यात चहूबाजूंनी पत्रा आणि आरसे. माझी हाक बाहेर कशीबशी जायची, पण आरोहीच्या मोबाइलची हाक माझ्याहून बारीक. ती दोन भिंती आणि पत्रा ओलांडून माझ्यापर्यंत येईचना. म्हणजे आरोहीला समोरचा दिसायचा, पण समोरच्याला आरोही दिसायची नाही.

आसाराम चिडले. "नेट पळंना तर मोठा प्लॅन घ्या की!" त्यांनी चाळीस एमबीपीएस वेगाचा प्लॅन शंभरचा केला. आता नळाला बोळा बसलाय आणि तुम्ही टाकी मोठी करता, त्याने पाणी वाढेल का? पण माझं ऐकतो कोण!

अशात आरोहीला पुण्याच्या एका संस्थेने मुलाखतीला बोलावलं. ऐकू न येणाऱ्या लहान लेकरांना घरबसल्या, पडद्यावरून शिकवणारी शिक्षिका त्यांना हवी होती. याच कामाची ती दोन वर्षं वाट बघत होती. मुलाखत सुरू झाली आणि तिसऱ्याच मिनिटाला तिचं चित्र थिजलं. तुमचा आवाज तुटला तर तुम्ही ओरडून पुन्हा सांगता. तिचे हातच हवेत गोठले, मग ती सांगणार कशाने? पलीकडून निरोप आला, गुरुवारी अकराला पुन्हा बोलावतो, पण तिसरी वेळ मिळणार नाही.

आरोही दोन दिवस जेवली नाही. तिने हात मांडीवर ठेवले ते उचललेच नाहीत. 

बुधवारी अशफाक आला. सत्यशीलाबाईंकडून माझ्या पाठीत तार लावून घेऊन त्याने लॅपटॉपवर वेग मोजला, शंभरला दोनच कमी. मग मोबाइल घेऊन आरोहीच्या खोलीत गेला. येताना चार, जाताना अर्धासुद्धा नाही.

"काकू, लाइन चांगली हाय, प्लॅनबी चांगला हाय," तो म्हणाला. "असल्या कॉलला जाता-येता चार-पाचचा वेग लई झाला. वेग मधेच गळतोय."

"मग आधी कावून न्हाई सांगितलंस?"

अशफाकने मान खाली घातली. "दसऱ्यालाच कळलं होतं. पण देवाच्या जागेला मी कसं न्हाई म्हणू? तुमी मनापासून ठेवलं होतं. आज बोललो न्हाई तर आरोहीचा गुन्हेगार होईन. ह्याला देवाजवळून काढा, काकू. आन्‌ तुमीच काढा, तुमच्या देव्हाऱ्यात मी हात कसा घालू?"

सत्यशीलाबाई देव्हाऱ्यापुढे बसल्या. "म्हंजी माझ्याच हातानं मी पोरीचे हात बांधले की रे!" त्या रडल्या, अगदी मोकळ्या रडल्या. मग उठल्या, देवांना हात जोडले, मला बाहेर घेतलं आणि कोरड्या मऊ ब्रशने एकेक भोक मोकळं केलं. अशफाकने तार वाढवून दिली. त्यांनी मला घराच्या मधोमध, उंच फळीवर उघड्यावर ठेवलं आणि अँटेना ताठ उभ्या केल्या. तिथून आरोहीची खोली समोरच दिसत होती.

गुरुवारी अकरा वाजता मी तिला पहिल्यांदा बोलताना पाहिलं.

मित्रांनो, काय सांगू! बोटं उघडत होती, मिटत होती. भुवया प्रश्न विचारत होत्या, खांदे उत्तर देत होते. इतकी वर्षं ज्यांना मी रिकामी पाकिटं समजलो, त्यांत हे होतं! एवढं सगळं माझ्या पोटातून गेलं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मला माझीच लाज वाटली. आज एकही बोट वाटेत अडकू द्यायचं नाही, असं ठरवून मी जीव तोडून धावलो.

पडद्यावर तिघं होते. त्यांतला एक जण हातांची भाषा बोलून सांगत होता, म्हणून ती मलाही कळत होती. मधल्या पिकल्या केसांच्या बाईंनाही ऐकू येत नव्हतं. त्यांनी हातांनी विचारलं, "तुझा पहिला शब्द कोणता?"

आरोही थांबली. मला वाटलं, पुन्हा चित्र थिजलं की काय! नाही, ती आठवत होती. मग तिने दोन्ही तळवे समोर धरले आणि एकावर एक थापत गोल फिरवले. बाईंनी भुवया उंचावल्या. त्यांच्या शिकलेल्या भाषेत हा शब्द नसावा. मग त्यांनी स्वतःचे तळवे धरले आणि तस्सेच थापले.

दारात उभ्या असलेल्या सत्यशीलाबाई ओरडल्याच. "अगं बया! ही तर माझी भाकर हाय! लहानपणी हिला भूक लागली की मीच आसं करून दावायची!"

आरोहीला ते ऐकू गेलं नाही, पण पडद्याच्या कोपऱ्यात आई दिसली. तिने बाईंना हातांनी सांगितलं, "ही माझी आई. हा शब्द हिने केलाय." बाईंनी दोन्ही हात उंच केले आणि बोटं थरथरवली. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या टाळ्या अशा असतात. आईला ते ठाऊक नव्हतं. आरोहीने समजावलं तेव्हा त्यांनीही हात वर केले आणि वरच धरून ठेवले.

आठव्या दिवशी होकार आला. आता रोज सकाळी तेरा लेकरं आरोहीच्या वर्गात येतात. म्हणून सांगतो, मित्रांनो, आम्हाला मान देऊ नका, मोकळी जागा द्या. कोरड्या फडक्याने पुसा. प्लॅन घेताना अपलोडचा वेग किती, तेही विचारा. आणि घरात कुणी बोलायला धडपडत असेल, तर आधी त्याच्या वाटेत आपलंच काही ठेवलेलं नाही ना, ते बघा.

परवा वर्गात तेराही लेकरांनी भूक लागल्याचं सांगितलं. तेराही जणांनी दोन्ही तळवे समोर धरले आणि सत्यशीलाबाईंची भाकर थापली.